ट्रिगरवर नसलेलं बोट

गेले सात महिने एका सात फुटी मातीच्या माणसाबरोबर माझा संसार चाललाय. सकाळी त्याच्या अंगावरची ओली फडकी काढायची, दिवसभर त्याच्याशी भांडायचं, संध्याकाळी फडकी परत भिजवून गुंडाळायची आणि वरनं प्लास्टिक, नाहीतर दुसऱ्या दिवशी कानाला तडा गेलेला असतो. बऱ्याच जणांनी विचारलं की सध्या काय चाललंय, ब्लॉग का बंद आहे, तर हे चाललंय.

काम असं आहे की माजी सैनिक आणि शांतिसैनिक, दोघांसाठी मिळून एक स्मारक, उघड्यावर, कोणीही कधीही येऊन बसेल अशा जागी. शांतिसैनिक म्हणजे यूएनच्या निळ्या टोप्या घालून दुसऱ्यांच्या भांडणात मध्ये उभे राहायला जातात ते. समितीनं पहिल्या मीटिंगला यादी दिली ती मी अजून भिंतीवर चिकटवून ठेवलीये: दहा फुटी चौथरा, बंदूक उगारलेला जवान, ज्योत, कारंजं, पृथ्वीचा गोल, आणि शांती आहे म्हणून कबूतर. मी म्हटलं कबूतर नको, खरी कबुतरं येऊन बसतीलच, आपण वेगळा खर्च कशाला करायचा. कोणी हसलं नाही.

पण गंमत बाजूला ठेवली तरी मला तेव्हा स्वतःलाही काही सुचत नव्हतं हे खरंय. मेलेल्यांसाठीचं स्मारक कसं करतात याचे मोठमोठे नमुने डोळ्यासमोर असतात. वॉशिंग्टनचं व्हिएतनाम स्मारक घ्या, १९८२ चं. खुली स्पर्धा होती, १,४२१ डिझाईन्स आली होती, नावं झाकून नुसत्या नंबरावर निवड झाली, आणि निघाली कोण तर माया लिन, एकवीस वर्षांची विद्यार्थिनी. जमिनीत उतरत जाणारी काळ्या ग्रॅनाईटची भिंत आणि त्यावर ५८ हजारांच्या आसपास नावं, बस. (तो ग्रॅनाईट बंगळुरूकडचा आहे, हे वाचलं तेव्हा मला उगाचच फार भारी वाटलं होतं.) नावं बाराखडीनं लावलेली नाहीत, गेल्याच्या तारखेनं लावलीत, सुरुवात मधल्या कोपऱ्यातनं होते, उजव्या टोकाला जाते, डाव्या टोकापासनं परत सुरू होते आणि मधेच येऊन संपते, म्हणजे पहिला गेलेला आणि शेवटचा गेलेला शेजारी शेजारी. प्रत्येक नावापुढे एक खूण आहे, मृत्यू नक्की झालाय त्याला छोटा चौकोनी हिरा, बेपत्ता आहे त्याला क्रॉस, आणि पुढे कधी अवशेष सापडले तर त्या क्रॉसवरच हिरा कोरतात. हे मला डिझाईन म्हणून आजही सगळ्यात अवघड आणि सगळ्यात साधं वाटतं. दगडात कोरलेलं असूनही ज्यात दुरुस्तीची सोय आहे असं स्मारक. तेव्हा मात्र लोक चिडलेले, काळं काय, जमिनीखाली काय, वीर कुठाय, म्हणून मग दोन वर्षांनी, १९८४ मध्ये, फ्रेडरिक हार्ट यांचे तीन ब्राँझचे सैनिक जवळच उभे केले. समित्या सगळीकडे सारख्याच असतात.

आपल्या दिल्लीचं राष्ट्रीय समर स्मारक २०१९ चं, तिथे चार चक्रं आहेत, म्हणजे एकात एक वर्तुळं, आणि त्याग चक्राच्या भिंतींवर ग्रॅनाईटच्या विटांवर एकेक नाव. तेही नावांवर उभं आहे.

पण माझ्याकडे नावं नव्हती. माजी सैनिक म्हणजे जे परत आले ते. ते जिवंत आहेत, ते स्वतः येऊन हे बघणार, गुडघे दुखत असताना येणार, नातवंडाला घेऊन येणार, आणि बघून म्हणणार की ह्यॅ, असं नसतं. आणि शांतिसैनिकाचं तर त्याहून अवघड, त्याचं काम चांगलं झालं म्हणजे काय झालं? काही झालं नाही, हेच झालं. गाव जळलं नाही, रस्ता बंद पडला नाही, दोन बाजूंनी एकमेकांवर गोळ्या झाडल्या नाहीत. ‘काही झालं नाही’ याचं शिल्प कसं करतात हो? मी तीन आठवडे नुसती रेघोट्या मारत बसले होते.

कॅनडात ऑटावाला शांतिसैनिकांचं एक स्मारक आहे, १९९२ चं, जॅक हार्मन यांची शिल्पं. दोन उंच भिंती एकमेकींकडे निमुळत्या होत येतात आणि जिथे भेटतात तिथे वर तीन जण उभे, दोन पुरुष आणि एक बाई, तिच्याकडे रेडिओ, एकाकडे दुर्बीण, आणि खाली युद्धाचा ढिगारा. फोटो बघून बघून पाठ झालंय मला ते. दुर्बीण आणि रेडिओ ही निवड फार आवडली, बघणं आणि कळवणं, खरंच बहुतेक काम तेवढंच तर असतं. न्यूयॉर्कला यूएनच्या आवारात ती नळीला गाठ मारलेली पिस्तुल आहे ना, कार्ल फ्रेड्रिक रॉयटर्सवॉर्ड यांची, लक्झेंबर्गनं १९८८ मध्ये भेट दिलेली, तीही सगळ्यांना माहितीय. उत्तम आहे, लांबनं एका सेकंदात कळते, पण ती बंदुकीबद्दल आहे. मला माणूस करायचा होता.

तर शेवटी मी एक दीड फुटी मॅकेट केलं, म्हणजे मोठ्या पुतळ्याआधीचा छोटा नमुना. उभा जवान, डोक्यावर बेरे म्हणजे ती मऊ चपटी फौजी टोपी, हातात रायफल, नळी खाली झुकलेली, कारण उगारलेली मला नकोच होती. आपल्याला बरं जमलंय असं वाटत होतं. समितीनं सुचवलं म्हणून एका निवृत्त काकांना दाखवायला बोलावलं, ते स्वतः यूएनच्या मिशनवर जाऊन आलेले आहेत, नाव लिहीत नाही कारण त्यांनी सांगितलंय ‘माझं कुठे काही टाकू नकोस’.

काका आले, स्टुडिओभर एक नजर फिरवली, मी दिलेलं स्टूल उचललं आणि भिंतीला टेकवून ठेवलं, मग बसले. मला वाटलं पाठ दुखत असेल. मॅकेट त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी चष्मा लावला, चांगली पाच मिनिटं बघत बसले, मग एकच वाक्य, “अगं, हा कोणावर गोळी झाडतोय?”

मी म्हटलं, काका, कोणावर नाही, बघा ना, नळी खाली आहे.

“मग बोट ट्रिगरवर कशाला?”

मी बघितलं, होतं खरं. मी मॉडेलला प्लास्टिकची बंदूक देऊन उभं केलं होतं आणि आपण सगळे बंदूक हातात आली की जे करतो तेच त्यानं केलं, बोट सरळ ट्रिगरवर. मी तसंच मातीत केलं. सिनेमाच्या पोस्टरवर तसंच असतं, मला काही खटकलंच नाही. काकांनी टेबलावरची माझी लाकडी पट्टी उचलली, बंदुकीसारखी धरली आणि दाखवलं, बोट सरळ, ट्रिगरच्या वर, बंदुकीच्या अंगाला चिकटून. झाडायचं ठरल्याशिवाय बोट आत जात नाही. पहिल्या दिवशी शिकवतात, आणि नंतर झोपेत कोणी हातात काठी दिली तरी बोट तिथेच जातं. माझ्या डोळ्यांसमोर त्यांचं बोट त्या पट्टीवर असं काही सरळ गेलं की जणू तिथे खाचच होती.

मॅकेटमधलं ते बोट जेमतेम दोन सेंटीमीटरचं असेल. मी तिथल्या तिथे कोरणीनं काढलं आणि सरळ करून परत बसवलं. आणि खरं सांगते, सगळा पुतळाच बदलला. आधी तो एक बंदूकवाला होता, आता तो कोणीतरी असा झाला की जो काहीतरी करत नाहीये, आणि ते न करणं तो मुद्दाम करतोय. मी तीन आठवडे जे शोधत होते ते दोन सेंटीमीटरात होतं आणि तेही मला सापडलं नाही, दाखवावं लागलं.

काकांना मी हे उत्साहात सांगायला गेले तर त्यांनी लगेच पाणी ओतलं. म्हणाले फार हळवी होऊ नकोस, झाडायची वेळही येते. यूएनचे नियम काय म्हणतात ते त्यांनी मोजून सांगितलं, दोन्ही बाजूंची संमती, कोणाची बाजू घ्यायची नाही, आणि स्वतःच्या बचावासाठी किंवा दिलेलं काम पार पाडण्यासाठी लागेल तेवढाच बळाचा वापर. पण वापर नाहीच असं नाही. काँगोत १९६१ मध्ये कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया लढता लढताच गेले, यूएनच्या मोहिमेतलं परमवीर चक्र त्यांचं. १९४८ पासून आजवर चार हजारांहून जास्त शांतिसैनिक ड्युटीवर गेलेत. “तेव्हा साधू करू नकोस त्याला,” म्हणाले. म्हणून मग चेहऱ्यावर मी आधी जे एक हलकं प्रसन्न वगैरे आणलं होतं ते खरवडलं. आता तो नुसता बघतोय, थोडा कंटाळलेला, थोडा जागा.

मग निळ्या रंगाचं प्रकरण. पुतळा शेवटी ब्राँझमध्ये ओतायचाय, मग त्यात निळी टोपी निळी कशी दाखवणार? हा प्रश्न कोणाला पडत नाही कारण सगळ्यांच्या मनात ती निळीच असते. त्या निळ्या टोपीची गोष्ट पण मजेशीर आहे, १९५६ ला सुएझ कालव्यावरनं लढाई पेटली त्या वेळी यूएनची पहिली सशस्त्र शांतिसेना घाईघाईत उभी राहिली, निळ्या बेरे हव्या होत्या पण इतक्या कमी वेळात शिवून मिळेनात, मग अमेरिकन हेल्मेटच्या आतले प्लास्टिकचे लायनर घेतले आणि त्यावर निळा स्प्रे मारला. म्हणजे जगभर ओळखली जाणारी ती निळी हेल्मेटं मुळात एक जुगाड आहे. मला हे कळल्यावर थोडं हायसं वाटलं, आपलंही काही अगदीच चुकत नाहीये.

तर मी ब्राँझच्या चार तुकड्यांवर पॅटिना करून बघितला. धातू टॉर्चनं तापवून त्यावर रसायन मारायचं, फेरिक नायट्रेटनं तांबूस तपकिरी येतो, सल्फरवाल्या रसायनानं काळपट, आणि क्युप्रिक नायट्रेटनं निळा-हिरवा. माझा निळा दोन दिवसांत जुन्या नाण्यावरच्या मळासारखा दिसायला लागला. रंग लावावा तर उन्हापावसात पोपडे येणार आणि दर वर्षी कोणीतरी भलत्याच निळ्यानं रंगवणार, हे डोळ्यासमोर दिसतंय मला. एका रात्री दोन वाजता असंही सुचलं की टोपी आरशासारख्या स्टीलची करायची, म्हणजे आकाशाचा निळा रंग तिच्यात पडेल. सकाळी स्वतःच खोडलं, उन्हात तिरीप लोकांच्या डोळ्यात जाईल आणि शिवाय तो माणूस डोक्यावर पातेलं घातल्यासारखा दिसेल. शेवटी निळा सोडून दिला. बेरेची घडी मात्र चार वेळा केली, काका कडेला बसून “अजून कानाकडे… अजून… बस”.

चौथऱ्यावरनं समितीशी खूप वाजलं. मला चौथरा नको होता, माणूस जमिनीवरच हवा होता. फक्त आकार सव्वापट, कारण उघड्यावर, आकाशाखाली, खऱ्या मापाचा पुतळा चक्क लहान दिसतो, बुटका वाटतो, हे ज्यानं एकदा केलंय त्याला कळतं. वॉशिंग्टनमधल्याच कोरियन युद्धाच्या स्मारकातले १९ स्टीलचे सैनिक पण सात फुटांच्या वरचेच आहेत आणि जमिनीवरच चालतायत, रेनकोट घालून. पॉलिश केलेल्या काळ्या भिंतीत त्यांचं प्रतिबिंब पडतं आणि १९ चे ३८ होतात, दोन कोरियांना विभागणाऱ्या ३८ व्या अक्षांशाची आठवण. समितीला मी तो फोटो दाखवला आणि तो ३८ चा मुद्दा इतका आवडला त्यांना की चौथरा गेला. कधी कधी असंच जिंकायचं असतं, भलत्याच मुद्द्यावर.

जमिनीवर आलं की बाकीचं सगळं बदलतं. लोक हात लावणार, तर गडद ब्राँझ दुपारी चटका बसेल इतकं तापतं म्हणून सावली पाहिजे. फरशीला पॉलिश ग्रॅनाईट नको, पावसात त्यावर म्हातारी माणसं घसरतात, फ्लेम केलेला खरखरीत हवा. पायऱ्या एकही नाही, वीस फुटांना एक फूट इतका हलका चढ, व्हीलचेअर कोणाच्या मदतीशिवाय जाईल असा. कारंजं यादीत होतं ते मी काढून टाकलं, त्या जागी मला शांतता पाहिजे होती.

आणि बाक. बाक मी आधी पुतळ्याभोवती गोल ठेवले होते, प्लॅनवर फार सुंदर दिसत होते. मग एके दिवशी काका आले, स्टूल उचललं, भिंतीला टेकवलं, आणि मला एकदम लक्षात आलं की ते दर वेळी असंच करतात. पाठ दुखते का विचारलं तर म्हणाले नाही गं, सवय, मागे मोकळं असलं की बसवत नाही, आणि दार दिसलं पाहिजे. घरी हॉटेलात लग्नात सगळीकडे तसंच, बायको चिडते म्हणाले. इतक्या वर्षांनीसुद्धा. सांगताना ते हसत होते पण मी त्या रात्री गोल बाक सगळे काढून टाकले. आता एकच लांब बाक आहे, मागे डोक्यापर्यंत येणारी दगडी भिंत, आणि समोर दोन्ही वाटा सरळ दिसतात, मधे झाड सुद्धा नाही. लँडस्केपवाल्याला वाईट वाटलं, त्याला तिथे झाड हवं होतं. कारण मी त्याला सांगितलं तेव्हा तो जरा वेळ गप्प झाला आणि मग स्वतःच झाड चार मीटर सरकवून आला.

आता मोठी माती पूर्ण झालीये, पुढे साचा, मग मेण, मग फाउंड्री. ब्राँझ थंड होताना दीड-दोन टक्के आकसतं, सात फुटात दीड इंचाच्या आसपास, तो हिशोब आधीच धरलाय. आत पाणी साठू नये म्हणून बुटाच्या तळाशी बारीक भोकं ठेवायचीत, ती विसरलं की दहा वर्षांनी पुतळा आतनं रडायला लागतो आणि कोणाला कळत नाही का.

पण मोठ्या मापात एक भानगड पुढे आली जी मॅकेटमध्ये दिसलीच नव्हती. बोट सरळ वर गेल्यामुळे ट्रिगरभोवतीची ती कडी, गार्ड म्हणतात तिला, रिकामी झाली. आणि पुतळा जमिनीवर, नळी खाली झुकलेली, म्हणजे ती रिकामी कडी येते बरोबर आठ-दहा वर्षांच्या मुलाच्या हाताच्या उंचीवर. फाउंड्रीतल्या मिस्त्रींनी फोटो बघून अर्ध्या मिनिटात सांगितलं, “मॅडम, पोरं यात बोट घालणार.” घालणारच की. मी पण घातलं असतं. म्हणजे काय झालं, मी न झाडलेल्या गोळ्यांचं वगैरे स्मारक करणार आणि तिथे येणारं प्रत्येक पोर पहिल्यांदा ट्रिगर दाबून बघणार, वर आईवडील फोटो काढणार.

मिस्त्री म्हणाले कडी भरून टाका, लांबनं कळत नाही. पण भरली की तिथे नुसता गोळा दिसतो आणि बोट का सरळ आहे हेच कळेनासं होतं, रिकामी कडी दिसली तरच बोट बाहेर असल्याचं दिसतं. बंदूक फिरवून अंगाकडे घ्यावी तर मनगट विचित्र वळतं. चार दिवस झोप नाही. पाचव्या दिवशी मी कोरणी घेतली आणि कडी तशीच ठेवून आतला ट्रिगरच कापून काढला. नुसती कडी, आत काही नाही.

आता हे काकांना कसं सांगायचं याचीच धास्ती होती, ज्या माणसानं बेरेची घडी अर्धा इंच चुकली म्हणून मला चार वेळा करायला लावली त्याला मी बिनट्रिगरची बंदूक दाखवणार. ते परवा आले. स्टूल नेहमीच्या जागी मीच आधी नेऊन ठेवलं होतं, भिंतीपाशी, पण ते बसले नाहीत. मी काहीच बोलले नाही, म्हटलं बघू दिसतंय का. त्यांना अर्थातच लगेच दिसलं. वाकले, चष्मा कपाळावर सरकवला, आणि आपलं बोट त्या कडीत घातलं. थोडं पुढे मागे केलं, माती ओली होती त्यामुळे बोटाला लागली. मग बाहेर काढलं, रुमालाला पुसलं.

“हं,” म्हणाले.

मग सरळ झाले, दोन पावलं मागे गेले, खालपासनं वरपर्यंत बघितलं आणि म्हणाले, “डाव्या बुटाची लेस चुकलीये. उद्या येतो.”